एक मिनिट सगळं बंद

३ नोव्हेंबर

आज घूस पुन्हा नापास झाली!

घूस म्हणजे नातीचा रोबोट, पडलेल्या इमारतीत शिरून अडकलेली माणसं शोधणारा. पोरांनी त्याला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव ठेवलंय. मला तो घुशीसारखाच दिसतो. बुटका, लांबुडका, कुठेही नाक खुपसणारा. आज सरावाला पाच पुतळे पुरले होते. तिला एक सापडला, तोही अर्धा बाहेर होता म्हणून.

नात जेवली नाही. महिनाअखेरच्या स्पर्धेत नंबर आला नाही तर कॉलेजातली त्यांची शेड रिकामी करायची, तिथे गाड्या लावायच्यात, असं सरांना वरून कळलंय. तीन वर्षं नात धरून चौघं पोरं तिथे राबली, आणि त्यावर गाड्या!

मी सांगते, धाकटी जाऊ लिहिते. ती चौथी शिकली, त्याचा तोरा साठ वर्षांत उतरला नाही. लिही ग, हेही लिही.

४ नोव्हेंबर

नातीकडून कालचं वाचून घेतलं. तोऱ्याची ओळ जाऊने गाळली होती! पुन्हा लिहायला लावली.

९ नोव्हेंबर, रविवार

शेड बघायला गेलो दोघी. सिमेंटचे तुकडे, वाकड्या सळया, मोडकी दारं, पालथी कपाटं — नीट रचलेला ढिगारा. आत एक पुतळा, त्याच्या पोटात स्पीकर. "वाचवा! वाचवा!" काय खणखणीत आवाज!

मला हसू आलं. म्हटलं, "ही बया ओरडते कशी? घसा धुळीने भरतो. थुंकीसुद्धा गिळता येत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नात म्हणाली, "मग काय करतं माणूस, आजी?"

"मला पुरा. दाखवते."

सर दचकले. जाऊ ओरडली, "ताई, वय काय तुमचं!"

"पुरायचंच आहे," मी म्हटलं.

खाली गादी, डोक्यावर हेल्मेट, वर दोन दारं, त्यांना लोखंडी टेकू. फार कौतुकाने पुरलं. मी जेवणाच्या डब्याचं झाकण मागून घेतलं होतं. तीनदा टकटक, थांबायचं, पुन्हा तीनदा.

घूस आली. घर्रर्र करत पायाशेजारून गेली. परत आली. मी जोरात वाजवलं. पुन्हा गेली! मग माझा हात आपोआप थांबला. मी थांबवला नव्हता.

नातीने दार उचललं. "आजी, रडतेस?"

"डोळ्यात धूळ गेली."

जाऊने माझ्या हातातलं झाकण काढून घेतलं. तिला कळलं.

१० नोव्हेंबर

आज सांगून टाकलं. शेडमध्येच, उलट्या बादलीवर बसून.

अडतीस वर्षांपूर्वी सूतगिरणीचं छप्पर बसलं. मला दुसऱ्या दिवशी काढलं, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. कसं काढलं, विचारलं की मी थट्टेवर न्यायची — आत झोप छान लागली होती म्हणायची. माझ्यापासून हातभर अंतरावर कांडीवाली होती. सुताच्या कांड्या भरायचं काम करायची, मोठी बडबडी. मधे तुळई, म्हणून दिसत नव्हती. झाकण एकच. तुळईखालून एकमेकींना देत आळीपाळीने वाजवायचो. वर क्रेन, इंजिनं, माणसांचा आरडाओरडा. त्यांचं सगळं आम्हाला ऐकू येत होतं. आमचं त्यांना काहीच नाही.

दुपारी तिची पाळी आली. झाकण तिने घेतलं नाही.

मग क्रेनचं डिझेल संपलं. आणायला माणूस गेला, तेवढ्या शांततेत कुणालातरी टकटक ऐकू आली. डिझेल संपलं म्हणून मी आहे. तासभर आधी संपलं असतं तर दोघी असतो.

नात हळूच म्हणाली, "आजी, मोटरचा आवाज आम्ही गाळतो. तसा प्रोग्राम आहे."

"त्या गाळण्यात माझी टकटकही गेली ना! गाळू नका. बंद करा. पाच मिनिटं चालायचं, एक मिनिट सगळं बंद."

लांब्या — त्यांच्यातला सगळ्यात उंच — बोटं मोजायला लागला. "स्पर्धेच्या चाळीसातली सहा मिनिटं वाया, आजी!" सर म्हणाले, "स्पर्धेत जो उभा राहतो तो हरतो."

नात म्हणाली, "सर, काल ती आजीच्या पायाशेजारून दोनदा गेली."

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "करून बघू."

११ नोव्हेंबर

घुशीच्या पोटातला छोटा पंखा चालूच ठेवणार होते! पंखासुद्धा, मी म्हटलं. पंखासुद्धा!

१७ नोव्हेंबर

पुन्हा पुरलं. पहिल्याच थांब्यात सापडले. बाहेर जाऊने सुस्कारा सोडला, तोही घुशीच्या माइकमध्ये आला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

स्पर्धा. अकरा यंत्रं, एकेकाची पाळी, प्रत्येकाला नऊ पुतळे. काही पुतळे वरवर, काही खोल, आणि खोल ठेवलेले ओरडत नव्हते. नुसते टकटक करत होते. स्पर्धा घेणाऱ्यांत कुणीतरी शहाणं माणूस असणार.

बाकीची यंत्रं सुसाट. आमची पाच मिनिटं चालली आणि थांबली. मागचा एक गृहस्थ हसला, "बंद पडली वाटतं!"

मी वळून म्हटलं, "गप्प बसा. ती कामात आहे."

दुसऱ्या थांब्यालाही लोक हसले. नातीचा हात बटणाकडे गेला, मला दिसलं. मागे आला. चौथ्या थांब्याला कुणी हसलं नाही.

नवातले आठ! दुसऱ्या नंबरवाल्यांना पाच. आम्ही पहिले!

सर रडत होते. मी एवढंच विचारलं, "धूळ का?"

४ डिसेंबर

सत्कार झाला. शेड राहिली, आणखी दोन टेबलं मिळणार. पाहुण्यांनी इतकं लांब भाषण केलं की तेवढ्यात घुशीने आख्खी इमारत पालथी घातली असती. चौघांना ढाल, फुलं, टाळ्या. मग नात माइकवर म्हणाली, "थांबायला आम्हाला आजीने शिकवलं." झालं! चढवलं मला वर. दोन शब्द बोला म्हणे.

म्हटलं, "बोलत नाही. एक मिनिट सगळं बंद करा. पंखेसुद्धा."

केलं. एवढा मोठा हॉल, पण एक खुर्ची करकरली ती कळली. कुणाचंतरी पोट गुरगुरलं. आणि तिसऱ्या रांगेतून — टकटकटक. थांबून पुन्हा टकटकटक. जाऊ! खुर्चीच्या हातावर, मान खाली घालून.

पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

ढाल पोरांची. ते मिनिट कांडीवालीचं.

६ डिसेंबर

सकाळी अग्निशमन दलाचा फोन आला. चार मजली इमारत बसली. खरी. घूस ट्रकवर चढली, नात सोबत गेली.

आता तिचा फोन — "आजी, क्रेन बंद करायला लावल्या. सगळं बंद. ऐकतोय." फोन तिने ठेवला नाही. मीही ठेवलेला नाही.

जाऊ विचारते, पुढे काय लिहू?

पेन खाली ठेव. कागद वाजतोय.