गोऱ्या जावयाचे पाय

घाटघर, १९ मे २०२६

चि. भगवंतास प्रयागअक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळी खुशाल. फोनला रेंज मिळवायला टेकाड चढावं लागतं आणि माझे गुडघे नाही म्हणतात, म्हणून हे पत्र. आरती नवऱ्याला घेऊन विलायतेहून पहिल्यांदाच येतेय, तीही नेमकी धोंड्याच्या महिन्यात. या महिन्यात जावई म्हणजे नारायण. थोरल्या गोरखरावांबरोबर या धाकट्यालाही पाटावर बसव, पाय धू, अनारसे वाढ. तुझी बायको असती तर मला हे लिहावं लागलं नसतं.

तुझा इंग्रजांवरचा राग मला ठाऊक आहे. डाकबंगल्यावर आजोबा साहेबाचा एक बूट ओढायचे आणि साहेब दुसरा पाय त्यांच्या खांद्यावर टेकायचा, हे ऐकून तू लहानपणी जेवला नव्हतास. पण राव, दिवसातून दहादा चहा ढोसतोस आणि क्रिकेट लागलं की उसाला पाणी द्यायला जात नाहीस, तेव्हा इंग्रज बरा चालतो. हा पोरगा त्या साहेबाचा कोणी लागत नाही.

माझी माया आहेच, तू ती पातळ करू नकोस.

तुझी अक्का


निरगुडसर, २८ मे २०२६

ती. प्रयागअक्कास शि. सा. न. वि. वि.

अक्का, माझ्या हातून वाईट झालंय. टामराव माणूस चांगला आहे. उन्हाने लालबुंद होऊनही माझ्याबरोबर विहिरीवर यायचा, मोडकंतोडकं मराठी बोलायचा. पण त्याने ओसरीत बूट काढले की मला आजोबांचा खांदा आठवायचा. व्यापाराला म्हणून आले आणि राज्य घेऊन बसले. यानेही तशीच माझी पोरगी नेली, असंच मनात येई.

धोंड्याच्या दिवशी आरतीने दोन पाट मांडले. मौज म्हणून नवऱ्याला आधी काही सांगितलं नव्हतं. ती आत गेल्यावर मी एक पाट उचलला. एकट्या गोरखरावांचे पाय धुतले, त्यांना चांदीचा दिवा दिला. टामरावाने विचारलं, हे काय? मी म्हणालो, आज गोरखरावांचा वाढदिवस. भाबड्याने टाळ्या वाजवून गाणं म्हटलं आणि स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून गोरखरावांच्या मनगटाला बांधलं. गोरखराव खाली मान घालून जेवले.

आरतीने सगळं ऐकलं. बापाचं खोटं तिने नवऱ्यापुढे झाकलं, पण तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. दोघं तुझ्याकडे निघालीत. कृपा कर आणि तिथे त्याचे पाय धुऊ नकोस, नाहीतर त्याला कळेल.

तुला तोंड दाखवायची लाज वाटणारा,
भगवंत


घाटघर, ५ जून २०२६

चि. भगवंतास आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. पाय मी ती दोघं आली त्याच दिवशी धुतले. तो हसून म्हणाला, आत्या, माझा वाढदिवस डिसेंबरात असतो. तुझं खोटं मला काय माहीत? मी त्याला धोंड्याची सगळी रीत सांगत सुटले. आरतीच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं तोवर उशीर झाला होता. तो ओल्या पायांनीच पाटावरून उठला. मग एवढंच म्हणाला, “आत्या, मला कळलं हे बाबांना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल.”

मी मुद्दाम सांगतेय, कारण तुला वाईट वाटायलाच हवं. आरती इथूनच माळशेजच्या रस्त्याने विमान गाठू म्हणत होती. बाबांना भेटल्याशिवाय जायचं नाही, हा त्याचाच हट्ट. गुरुवारी तुझ्याकडे येतील.

आजोबांचा तो खांदा मीही चोळलाय, भगवंता. साहेबाने त्यांना माणसात धरलं नाही, म्हणून आपल्याला राग. मग तू या पोराला कशात धरलंस? याचं उत्तर मला नको, तुझं तूच बघ.

रागावलेली, तरी तुझीच,
अक्का


निरगुडसर, १२ जून २०२६

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

काल दोघं आली. मी सकाळपासून पाट, परात, पाण्याचा तांब्या ओसरीत मांडून बसलो होतो. आरतीला म्हणालो, त्यांना सांग, बाबा खोटं बोलले. ती म्हणाली, “तुम्हीच सांगा. त्यांना मराठी कळतं.”

मग सांगितलं. वाढदिवस नव्हता, तुमचा पाट मीच उचलला, मला भीती वाटली. कशाची, असं त्याने विचारलं, तशी मी तांब्या उचलला. खाली बसून त्याचे पाय धुतले. घाट चढून टाचांना फोड आले होते. तो माझे दंड धरून मला उठवत होता आणि माझं लक्ष आरतीकडे होतं. ती आत आलीच नाही. तिच्या आईच्या फोटोला तिने दारातूनच हात जोडले.

गाडीत बसताना टामराव म्हणाले, “येतो, बाबा.” कोणी शिकवलं कोण जाणे. आपल्यात माहेरातून निघणारी लेक कधी जाते म्हणत नाही.

आरती काच वर करता करता म्हणाली, “जाते.”

मागायला तोंड नाही, तरी लोभ मागतो.

तुझा
भगवंत