घर विकून हॉस्टेल

आई, तुझं नागपूरचं घर विकायची गोष्ट निघाली आहे. तू गेलीस तेव्हा जी माझ्या पोटात होती ती तुझी नात आता बारा वर्षांची झाली, आणि तिला इथून दिवसभराच्या विमानप्रवासावर, तिकडे इंग्लंडमधल्या एका जुन्या, बड्या शाळेत जागा मिळाली आहे. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, सुट्टीत तेवढं घरी यायचं. म्हणजे हॉस्टेलच. पण हॉस्टेल म्हटलं की तुझ्या जावयाला राग येतो, तो बोर्डिंग म्हणतो. आमचं क्वेकर्स हिलचं घर अजून बँकेचंच आहे, तेव्हा विकण्यासारखं उरतं ते तुझं. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून वर्षानुवर्षं बसलीस आणि ते घर बांधलंस, पोरीला हॉस्टेलला धाडावं लागू नये म्हणून. आता तेच घर विकून नातीला हॉस्टेलला धाडायचं. मी हे असं बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "तुला प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसतं." दिसतं खरं. कोणी फार गोड बोलायला लागलं की त्याला काय हवंय ते आधी बघावं, हे मला तूच शिकवलंस.

आणि ही माणसं फारच गोड बोलतात गं. त्यांचं चकचकीत माहितीपुस्तक घरी आलं. तळं, घोडे, नजर पोचेल तिथवर हिरवळ, आणि दर दोन पानांआड एक सावळी मुलगी हसतेय. कुठे प्रयोगशाळेत, कुठे व्हायोलिन घेऊन, कुठे गोऱ्या मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून. मी नीट बघितलं तर सगळीकडे तीच मुलगी, केसांत तीच निळी क्लिप. एका दिवसात सगळे फोटो उरकलेले. नवऱ्याला दाखवलं तर त्याने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि बंद करून ठेवलं.

त्याचं म्हणणं अगदीच चूक आहे असं नाही, तेही तुला सांगायला हवं. तो इथे शिकायला आला, राहिला, नोकरीत वर चढला. पण ऑफिसात साहेब लोक नव्या माणसाला भेटले की हवापाण्याचं झाल्यावर विचारतात, "सो, मेट, वेअर डिड यू गो टू स्कूल?" युनिव्हर्सिटी नाही, शाळा. उत्तर ऐकलं की त्यांना माणसाचं सगळं कळतं. परवा तो मला म्हणाला, "तिकडे आपलं आडनाव नडलं. इकडे शाळा नडते. तिला तरी काही नडू नये." मी म्हटलं, "मग आडनाव विकत घेतोयस असं म्हण की सरळ." तो म्हणाला, "हो, घेतोय. लोक बोट घेतात, बीचवर घर घेतात, आपण हे घेऊ." कोणी आडनाव विचारलं की तुझा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलं आहे. विचारणारा पुढे "मूळचे कुठले?" म्हणेपर्यंत तू विषय बदललेला असायचास.

तरी शनिवारी दुपारी, इथल्या भाषेत आर्वोला, त्यांच्या सभेला मी गेले. सिटीतलं मोठं हॉटेल, जाड गालिचा, आमच्यासारखी चांगले कपडे घालून आलेली आईवडील मंडळी. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याला बोलावलं होतं. आता इथे नावाजलेला वकील, पांढरे केस, गळ्यात शाळेचा टाय. मी आज जो काही आहे तो त्या शाळेमुळे, असं छान बोलला. नंतर चहा आणि सँडविचेस होती, आणि तो नेमका आमच्याच टेबलावर येऊन बसला. आई, मी त्याला खाताना बघितलं आणि माझा घास तोंडातच राहिला. डावा हात ताटलीभोवती, मान खाली, आणि कोणी मागे लागल्यासारखं भराभर. आमचं अर्धं होण्याआधी त्याची ताटली रिकामी.

तू जेवायचीस अशी. मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात मोठ्या मुली ताटातली पोळी उचलून न्यायच्या, म्हणून तू ताटाला हाताचं कुंपण घालून जेवायला शिकलीस, आणि ते कुंपण स्वतःच्या घरातही कधी निघालं नाही. मी चिडवायचे, "आई, कोणी पळवत नाहीये." तू म्हणायचीस, "सवय आहे, जेव तू." निवासी शाळेत माझा नंबर लागला तेव्हा सर पेढे घेऊन घरी आले होते. तू त्यांना चहा दिलास, पेढाही खाल्लास, आणि मग म्हणालीस, "सर, हिचं ताट माझ्या घरातच वाढलं जाईल." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. माझ्या वर्गातला जो मुलगा गेला तो पुढे मोठा अधिकारी झाला, आणि तुझं चुकलं की काय, ही शंका माझ्या मनात कितीतरी वर्षं होती. आजही पुरती गेली आहे असं नाही.

वकिलाला मी विचारलं, किती वर्षांचे होतात तुम्ही गेलात तेव्हा? "एट," म्हणाला. जेवण कसं असायचं? तो हसला. "वन लर्न्ड टू बी क्विक." मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. तुमची मुलं तिथेच शिकली का? मला वाटलं आता पकडला. तो म्हणाला, त्याला मुलं नाहीत. मी ओशाळले. उगाच त्याला केक आणून दिला. तोही त्याने तसाच संपवला.

घरी आल्यावर लेकीला एकटीला गाठलं आणि विचारलं, तुला जायचंय का? ती सॉक्स काढत होती. "आय डोन्ट माइंड," म्हणाली. मी म्हटलं, माइंड नाही ते कळलं, जायचंय का ते सांग. तिने दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाबा रिअली वॉन्ट्स इट, आई. इट्स ओके. नो वरीज." बारा वर्षांची पोर मला धीर देत होती.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला नाही म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं, तर म्हटलं, "ते आईचं घर आहे, मी विकणार नाही." तो म्हणाला, "तुझी आई असती तर तिने विकलं असतं. नातीच्या शिक्षणासाठी एका दिवसात विकलं असतं." ते खरंही असेल. पण मेलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? मुलगी येत नाही, असं त्याने शाळेला कळवून टाकलं. माझ्याशी तो कामापुरतंच बोलतोय.

आता मी मैदानाबाहेर गाडीत बसून हे लिहितेय, आत तिचं नेटबॉल चालू आहे. हे कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहू शकतेय. मी नाही म्हटलं त्याचं कारण तुझं घर नव्हतं, आई. ती निळी क्लिप नव्हती, वकिलाचा हातही नव्हता. मला तिच्याशिवाय करमणार नाही, एवढंच होतं. ते त्याला सांगायची लाज वाटली. तुला वसतिगृहात सोडून परतताना आजीलाही हेच वाटलं असेल. पण आपल्या वस्तीत चौथीच्या पुढे शाळा नव्हती, आणि एवढ्यासाठी मुलीला घरी ठेवणं तिला परवडणारं नव्हतं. मला परवडलं.