पडद्यावरची म्हातारी

प्रिय ठोंब्या,

मोठा डॉक्टर झालास तरी मी तुला ठोंब्याच म्हणणार. हे पत्र तुझ्या दवाखान्यात दुसऱ्या कुणी फोडलं तर फोडू दे. परवा येऊन विचारलंस, आजी, मांडीतला मांसाचा छोटा तुकडा काढू देशील का, उठतानाचा व्हिडिओ पुन्हा काढू का, आणि मी भिंतीकडे तोंड करून बसले. तुझ्या आईला वाटलं, म्हातारी सुईला घाबरली. सुईला घाबरतं माझं खेटर. फोनवर बोलले असते तर तू मधेच समजूत घालायला लागला असतास, म्हणून लिहिते. शाळा माझी नावापुरती, तेव्हा अक्षराला हसायचं नाही.

त्याआधी तुझ्या भाषणाला त्या हॉलमध्ये तुम्ही मला नटवून नेलंत. तू वर उभा, कोटाचं बटण भलत्याच भोकात. आधी पडद्यावर उंदीर दाखवलेस, जाळीला उलटे लटकलेले. कोण किती वेळ तग धरतो ते मोजायचं म्हणे. ह्याला एवढं शिकवलं ते उंदीर टांगायला का, असं मी तुझ्या आईच्या कानात म्हटलं. मग मांसाचे रंगवलेले काप. मेंदूचा हुकूम नसांतून नीट पोचतो, पण ह्या आजारात मांसच तो पाळत नाही, हे तू असं सांगितलंस की मलासुद्धा कळलं. माझी मान ताठ झाली होती रे. आणि तेवढ्यात पडद्यावर भिंतीएवढी मी! ओळखू येऊ नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी. अरे शहाण्या, डोळे झाकलेस आणि गुडघे उघडे ठेवलेस. आधी ढुंगण वर, मग नडग्यांवर हात, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर. आपल्याच अंगाची शिडी करून चढणारी म्हातारी. तुझी आई केवढ्यांदा म्हणाली, अगंबाई, आई, ह्या तुम्हीच ना? मागच्या रांगेने माना पुढे काढल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मी माझी पिशवी उगाच उघडून बघत होते.

तू न विचारता केलंस असं नाही. विचारलंस, मीच हो म्हटलं. मला वाटलं, दोनचार डॉक्टर बघतील आणि विसरतील. पण तू त्या भाषणात सांगितलंस की असं उठणं पहिल्यांदा घरात पाहिलं, लहानपणी, आणि म्हणूनच ह्या कामाला लागलो. माझी समजूत होती की कुणी पाहिलंच नाही. आयुष्यभर मी खोली रिकामी झाल्यावर उठले. पाहुणे निघाले तरी मी आपली बसलेली. लोक म्हणायचे, हिला गप्पांची भारी हौस. तुझ्या आजोबांनासुद्धा पत्ता लागू दिला नाही. फक्त तू, एवढासा, सगळ्यांसमोर मांड्यांवर हात चढवत माझी नक्कल केली होतीस. घर हसलं आणि मी तुझा कान लाल केला. मला वाटलं होतं तू विसरलास. तू तर त्याच्यावरच पोट भरतोस!

रागावले आहेच, पण पत्र त्यासाठी नाही. कार्यक्रम संपल्यावर मी हात धुवायला गेले. तिथल्या बाकावर एक बाई बसून होती, तुझ्या आईपेक्षा लहान, हिरवा कोट घातलेली. बाकीच्या बायका जायची वाट बघत होती. ती वाट बघणं मला कुणी शिकवायला नको. मी एकटीच उरले तेव्हा तिने विचारलं, मावशी, त्या पडद्यावरच्या आजी पाहिल्यात? मी पण तशीच उठते हो. घरचे म्हणतात, अंगात आळस मुरलाय. दुसरं कुणी तसं उठताना आज पहिल्यांदा पाहिलं. कोण असतील त्या, भेटतील का? आणि मी, तुझी आजी, एवढं तिखट तोंड असलेली, हात पुसत म्हणाले, कुणास ठाऊक बाई, असेल कुणीतरी. भिंत धरून बाहेर आले. वळून पाहिलंसुद्धा नाही. गुडघे जगाला दिसले त्याची लाज एका रात्रीत उतरली असती; ही उतरत नाही. घास खाली जात नाही म्हणते मी, आणि तुझी आई भाजीत मीठ वाढवते. तर तुकडा हव्या त्या मांडीतला काढ, व्हिडिओही काढ, पण आधी त्या बाईला शोध. तुझ्या हॉलमध्ये आली म्हणजे तुमच्यापैकी कुणाला तरी ठाऊक असणारच. तिला सांग, ती म्हातारी खोटं बोलली. दुपारी घरी पाठव, तुझी आई कामावर गेल्यावर. मी तिला खुर्ची देणार नाही. दोघी खालीच बसू. आणि कुणी आधी उठायचं, त्याची घाई दोघींनाही नसेल.

तुझीच,
अजून कान पिळायची ताकद असलेली
आजी