बाटलीच्या आधीचे इंजेक्शन

सौ. वसुधा,

उद्या सकाळी अकरा वाजता पोलीस चौकीत माझा जबाब आहे. तो आधी तुला देणे मला आवश्यक वाटते, म्हणून हे पत्र.

तू सवाष्ण गेलीस, भाग्याची, असे तुझी ओटी भरताना बायका म्हणाल्या. त्यांच्या हातातला नारळ हिसकावून माझ्याच कपाळावर फोडावा, असे मला वाटले.

महिनाभर तुझ्या पोटात काही ठरत नव्हते. पेज काढून टाकलेला पांढरा भात आणि साखरपाणी, तेही निम्मे उलटून पडे. पायांत मुंग्या येतात, चालताना तोल जातो, असे तू मला दोनदा सांगितलेस. मी काय उत्तर दिले, आठवते? अशक्तपणा आहे, एक सलाईन लावले की उभी राहशील! रविवारी बाटली लावून सोमवारी शिफ्टला जाणाऱ्यांचा हा पट्टा. मी पदवीधर असून वेगळा कुठे ठरलो?

आणि माझे काम काय? चाकणच्या कंपनीत जीवनसत्त्वांच्या गोळ्या तपासणे.

जे मला पाठ होते, ते आता तुला सांगतो. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे शरीर फारशी साठवत नाही. बी-वनचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. पेशीत शिरल्यावर त्याला दोन फॉस्फेट जोडले जातात, तेव्हा कुठे ते कामाला लागते. पेशी साखर अर्धी तोडते आणि तो अर्धा तुकडा भट्टीच्या दाराशी आणून ठेवते. ते दार बी-वनवाचून उघडत नाही. मग दाराशी साचलेल्या मालाचे आम्ल होते. उपाशी पेशीत अशा वेळी ग्लुकोज ओतणे म्हणजे बंद दारावर जमाव सोडणे. तुझ्या हृदयाच्या प्रत्येक पेशीत तो जमाव मी सोडला.

होय, मी. निघोज्याच्या त्या डॉक्टरांनी नव्हे.

ते म्हणाले होते, "साहेब, महिनाभर अन्न नाही. आधी बी-वनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. माझ्याकडचं संपलंय, चाकणहून तासाभरात येईल. तोवर साधं सलाईन लावतो."

मला दोन वाजता कंपनीत ऑडिट होते. मी त्यांना ऐकवले, "ही जीवनसत्त्वं मी रोज तपासतो, मला शिकवू नका. ग्लुकोज लावा. निघोज्यात दवाखाना चालवायचाय ना तुम्हाला?"

त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी ग्लुकोजची बाटली काढली. तू माझी बाही ओढून म्हणालीस, "अहो, ऐका ना त्यांचं. तासच तर आहे." मी तुला गप्प केले. भाजीवाल्याला दहा वाक्ये सुनावणारी तू, त्याच दिवशी माझे कसे ऐकलेस गं?

अर्धी बाटलीही गेली नव्हती. तुझे डोळे थरथरू लागले, श्वास करवतीसारखा वाजू लागला, आणि तू खाटेची पट्टी इतकी घट्ट धरलीस की नंतर एकेक बोट सोडवावे लागले. ते मी सोडवले.

दत्ता धावत आला. त्याने तुझ्याकडे एकदा पाहिले आणि डॉक्टरांकडे बोट करून मला विचारले, "दाजी, ह्यानंच मारली व्हय आमच्या आक्काला?"

मी म्हणालो, "होय."

एवढाच शब्द. त्याने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला. पहिल्या फटक्यात डॉक्टरांचा हात मोडला, दुसऱ्यात औषधांचे कपाट फुटले. काचा तुझ्या पायांवर उडाल्या. मी भिंतीशी उभा होतो आणि मला बरे वाटत होते. हे खरे आहे. त्या प्रत्येक फटक्याने मी निर्दोष होत होतो.

डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारीवर सही माझी आहे. डॉक्टरांचा दवाखाना बंद आहे आणि हात अजून गळ्यात आहे. माझ्या शिक्षणाला गावात मान आहे, म्हणून त्यांना कोणी विचारलेच नाही. दत्ता मात्र छाती काढून फिरतो. बहिणीचा सूड घेतला, असे त्याला वाटते. मी खरे बोललो तर त्याच्याकडे तेवढेही उरणार नाही, आणि आजवर कोणी न नोंदवलेला मारहाणीचा गुन्हा त्याच्यावर येईल. तुझ्या भावावर. याबद्दल तू मला माफ करशील का, हे मी विचारणार नाही.

वचन एवढेच देतो. उद्या दत्ता चौकीच्या दारात माझी वाट पाहत असेल. आधी त्याला सांगेन, मग आत जाऊन जबाब लिहून देईन. तुझे ते वाक्यही त्यात लिहीन, तासच तर आहे, हे. आणि दत्ताने माझ्यावर हात उचलला, तर मी तो अडवणार नाही.

तुझे न ऐकलेला,
माधव