चेटकीण वाईट का झाली

महाळुंगे पडवळ,
मंगळवार

तीर्थरूप यमाजीमामा यांच्या पायांवर भाचेसून निर्मलेचं डोकं.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. फोन केला की तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "आवाज येत न्हाई" म्हणून ठेवता, म्हणून कागदावर लिहिते.

ह्यांच्याकडून कळलंच असेल, मी कादंबरी लिहायला घेतलीय. जादूची, राजेराक्षसांची. त्यात उडता घोडा आहे आणि चावंडसारखा किल्ला आहे (चावंड मी खालूनच पाहिलाय, पण राजपुत्र उडूनच जाणार, त्यामुळे चालतं). मोबाईलवर एका बाईंचा वर्ग केला. त्या म्हणाल्या, पात्रं ओळखीच्या माणसांवरून घ्या, म्हणजे जिवंत होतात. जिवंत झाल्यावर घरात काय होतं, ते त्यांनी शिकवलं नाही.

दुपारी कांदा निवडताना मी सासूबाईंना (म्हणजे तुमच्या अक्कांना) प्रकरणं वाचून दाखवायची. त्यांना अक्षरओळख नाही, पण कथानकातली भोकं बरोब्बर दिसतात. राजपुत्र सात दिवस उडत राहिला, तर घोड्याला वैरण कुणी टाकली? मी सातचे दोन दिवस केले. राजानं अर्धं राज्य देऊन टाकलं, तर भावांच्या सह्या घेतल्या का? सह्यांचं एक प्रकरण वाढवावं लागलं (ते लई चांगलं जमलंय).

मग चेटकीण आली. ती गुळाचा डबा लपवते, माणसांपेक्षा म्हशीशी जास्त बोलते आणि सुनेनं केलेली भाकरी उलटून बघते. मी आपली रंगात येऊन वाचत होते. भाकरी उलटली, तशा सासूबाईंनी हातातला कांदा खाली ठेवला आणि उठून गेल्या. (मला वाटलं, चहा टाकायला गेल्या.)

पुढचे चार दिवस माझ्याशी बोलणं बंद. निरोप म्हशीमार्फत यायचे. नळाला पाणी आलंय, हे त्या म्हशीला सांगायच्या आणि मी बाहेरून ऐकून हंडे लावायची. ह्यांना तर रोजच मंचरला काम निघू लागलं. चेटकिणीला मिशा लावून मांत्रिक करून पाहिला, तर तोही सासूबाईंसारखाच बोलायला लागला. पाचव्या दिवशी वही घेऊन गोठ्यात गेले आणि म्हटलं, चेटकीण काढूनच टाकते.

त्यांनी शेणाचे हात धुतले. म्हणाल्या, "काढू नको. मीच हाय ती, कळलं मला. पण बाई उगाच वाईट कशी व्हईल? तिचं काय गेलं व्हतं, ते कुठं लिवलंय?"

मी विचारलं, काय गेलं होतं? तेव्हा त्यांनी सांगितलं. लग्नात त्यांनी माहेरून एक मेंढी आणली होती, कोकरू असताना हातानं दूध पाजून वाढवलेली. नव्या घरात बोलायला तेवढीच. दोन महिन्यांनी माहेरचं माणूस भेटायला आलं, जाताना मेंढी घेऊन गेलं आणि बाजारात विकून मोकळं झालं. बेचाळीस वर्षं हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. मी वही मिटली आणि आम्ही दोघींनी मिळून वैरण टाकली.

आता कादंबरी पार बदललीय. चेटकीण मुख्य झालीय, राजपुत्र तिच्या हाताखाली मेंढ्या राखतो, आणि सासूबाई रोज विचारतात, कुठवर आलं.

मामींना नमस्कार.

आपली,
निर्मला

ता. क. : चेटकीण चांगली निघाल्यामुळे खलनायकाची जागा रिकामी आहे. ते माहेरचं माणूस तुम्ही होतात, असं सासूबाई म्हणतात. तुम्ही तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे असाल, मनात काहीतरी असेलच. ते कळवा, नाहीतर रविवारी येऊन त्यांनाच सांगा. तोवर ती पानं कोरी ठेवलीत.

आणखी एक : पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच लिहायला सांगितलं, "डाव्या कानावर काळा ठिपका व्हता. नायतर विचारंल, कुठली मेंढी."