खांबावर चढण्याआधी

अण्णा,

तुम्ही भीत होता, हे मला तुम्ही गेल्यावर एकवीस वर्षांनी कळलं. तेही आईनं मेथी निवडता निवडता सांगितलं, आज नळाला पाणी येणार नाही हे सांगावं तसं. ती उठून गेल्यावर मी जुडी हातात धरून तशीच बसून राहिले. मला वाटलं होतं रडू येईल. राग आला. तो अजून उतरलेला नाही आणि त्या रागातच लिहिते आहे, तेव्हा भाषा गोड असणार नाही.

आधीचे तुम्ही मला चांगले आठवता. आपल्या जालन्याकडच्या टेंभुर्णीत लाइट गेली की लोक पहिल्यांदा आपल्या दारात यायचे. "वायरमन, हायेत का घरी?" अशी हाक आली की तुम्ही ताटावरून उठायचे. खांद्यावर दोराचं वेटोळं, कमरेला पकड आणि टेस्टर. तुम्ही खांबावर चढताना मी खाली उभी राहून बघायची आणि मैत्रिणींकडे वळून वळून पाहायची, त्यांनीही बघितलं ना म्हणून. पाचवीत असताना तुम्ही मला दूध पावडरच्या डब्याचा दिवा करून दिलात. डब्याला भोक पाडलंत, आत होल्डर बसवलात, बारीक वायर दातांनी सोललीत, आणि एवढ्या वेळात तुमचा हात एकदाही हलला नाही. माझ्यासाठी कुणी दुपारभर एका जागी बसून काहीतरी केलं, असं ते पहिलंच होतं.

मी सातवीत असताना तुमचा जोडीदार गेला. दोघं मिळूनच लाइनवर जायचे. त्या दिवशी सप्लाय बंद केल्याचा निरोप आला होता. तो वर चढला, तुम्ही खाली दोर धरून उभे होता, आणि मध्येच कुणीतरी लाइन चालू केली. कुणी, ते शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही. संध्याकाळी तुम्ही घरी आलात, अंगणातच दोन बादल्या पाणी अंगावर ओतून घेतलंत आणि अंगावरचे कपडे आईला जाळायला सांगितलेत. आम्हाला एक शब्द सांगितला नाहीत. आठ दिवसांनी पुन्हा खांबावर. लोक म्हणाले, वायरमन खमक्या माणूस आहे. त्याच महिन्यात घरात पहिली चपटी आली. आई म्हणाली, "झोप लागत न्हाई म्हणून थोडी घेतात." तेव्हा ते खरंही असेल. पण "थोडी" हा शब्द आपल्या घरात तुम्ही मरेपर्यंत टिकला.

मी नववीत गेले तोवर दारू सकाळीही लागायला लागली होती. तुम्ही चुलीजवळ पाटावर बसलेले असता, आई बशीत चहा ओतून पुढे करते आणि बशी तुमच्या हातात वाजायला लागते. एके दिवशी आईनं कपबशी फळीवर ठेवून दिली आणि स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा दिला. अर्धा, म्हणजे सांडणार नाही. तुम्ही पेल्याकडे पाहिलंत, आईकडे पाहिलंत आणि चहा न पिता न्हाणीमागं गेलात. परत आलात ते हात स्थिर करूनच. "डबा दे जल्दी, फॉल्ट काढायला जायचंय." मी सगळ्यांसारखंच समजत होते की दारूनं तुमचे हात कापतात. मग पिऊन आल्यावर ते थांबतात कसे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. त्या पोरवयात तो पडायला हवा होता असं कधी वाटतं. कधी वाटतं, घरात मोठी माणसं काय कमी होती?

त्याच वर्षी पंधरा ऑगस्टला मी भाषणाला उभी राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. पोरं हसायला लागली. गुरुजींनी हात धरून मला खाली आणलं. तुम्ही मैदानाच्या कडेला उभे होता. घरी आल्यावर दारात थांबून म्हणालात, "वायरमनची पोरगी अन् लोकायला भेती? मान खाली घालवलीस माझी." हे बोलताना तुमच्या तोंडाला न्हाणीमागचा वास येत होता. पण त्या दिवशी भित्री ठरले ती मी.

दिवाळीत मी तुमचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ घ्या अण्णा. आजपासून बिलकुल न्हाई." तुम्ही घेतलीत. माझ्यासाठी घेतलीत की तो हात लवकर सोडवून घेण्यासाठी, हे मला अजून ठरवता येत नाही. पण पाळलीत. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी घामानं बनियन भिजलं, घास उतरेना. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही भिंतीवरून वायरी ओढून काढायला लागलात. भिंत कोरी होती. "लाइन चालू हाय! हात लावू नका, मागं सरा!" असं आम्हाला ओरडून सांगत होता. मी धरायला पुढं झाले तर मला असं ढकललंत की मी उंबऱ्यावर जाऊन पडले. मग तुम्ही ताठ झालात, डोळे फिरले, तोंडाला फेस आला.

शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून भोकरदनला नेलं, तिथून जालन्याला. तिथले डॉक्टर आईला म्हणाले, "रोज पिणाऱ्यानं अशी एकदम तोडायची नसते, जिवावर बेततं. दवाखान्यात ठेवून, औषधं देऊन सोडवावी लागते." शुद्धीवर आल्यावर तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, डोक्यावरून हात फिरवणार. तुम्ही म्हणालात, "तुझ्या शपथेनं मारलं असतं मला." मी पंधरा वर्षांची होते, अण्णा. पुढं कित्येक वर्षं मी कुणाला कसलंच वचन मागितलं नाही, लग्न ठरतानाही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं दवाखान्यात राहायला तुम्ही तयार झाला नाहीत. "मी काय येडा झालोय का?" काका आईला म्हणाले, "वहिनी, थोडी थोडी देत जा, न्हाईतर पुन्हा झटका येईल." आई औषधासारखी मोजून देत राहिली. दोन वर्षांत तुमचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, तुम्ही गेलात. गावानं म्हटलं, दारूनं गेला. मीही आजवर तेच सांगत आले.

आता मी अडतीस वर्षांची आहे, जालन्याजवळच्या एका शाळेत शिकवते. आई माझ्याकडेच असते. गेल्या वर्षी फळ्यावर भागाकार लिहिताना एकाएकी छातीत धडधडायला लागलं, बोटं गार पडली, खडू हातातून सुटला. आता आपण मरतोय, एवढंच कळत होतं. असं तीनदा झालं. छातीचा ईसीजी काढला, त्यात काही निघालं नाही. मग तिथल्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? मी म्हणाले, नाही. वडील प्यायचे, पण ते वेगळं.

"का प्यायचे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला नाही. डॉक्टरीणबाई साध्या भाषेत सांगत होत्या. माणूस भीती दाबायला पितो. तास-दोन तास ती दबते, उतरली की दुपटीनं वर येते, मग तिला दाबायला तो पुन्हा पितो. काही दिवसांनी त्याला स्वतःलाच कळत नाही, हात भीतीनं कापतात की दारूवाचून. पाच मिनिटांत त्यांनी सांगून टाकलं. मला त्यांचाही राग आला.

घरी येऊन आईला विचारलं, अण्णा कशाला भ्यायचे का?

तिनं मेथीतून मान वर केली नाही. "भ्यायचे की. त्यांचा जोडीदार गेल्यापास्नं. पोलाला हात लावायच्या आधी आडोशाला जाऊन उलटी करायचे. संगच्या हेल्परनं मला सांगितल्तं. मी इचारलं तर म्हणले, पोरीला सांगशील तर बघ."

"मंग नंतर तरी सांगायचंस. ते गेल्यावर."

"काय सांगू? माणूस भेकड होता म्हणून?"

"बेवडा होता हे तर सगळं गाव सांगत होतं!"

"ते येगळं," आई म्हणाली. "पिणारे लई असतात."

ती पातेलं घेऊन आत गेली. अण्णा, माझा राग इथं आहे. बेवडा म्हणवून घेणं तुम्हाला चाललं. बायकोनं अर्धा पेला भरणं चाललं, पोरीवर ठपका ठेवणं चाललं. दुसरं काम मागणं, दवाखान्यात झोपणं, मला एकदा जवळ बसवून "मलाही भेव वाटतं गं" म्हणणं, हे चाललं नाही. त्या मैदानावर आपण दोघंही एकाच रोगाची माणसं होतो आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. मला नव्हतं. हे मी माफ करू शकत नाही. करावं असं अजून वाटतही नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. आईला वाचून दाखवावं असं मध्ये मनात आलं होतं, पण तेही करणार नाही. त्या डॉक्टरीणबाईंनी मला एक गोळी दिली आहे, रोज सकाळी घ्यायची. काल माझी मुलगी जवळ येऊन म्हणाली, "आई, ही रोज कशाची घेतेस गं?"

मी सांगितलं, ॲसिडिटीची.