उरेब पट्टी

माय, काल तुझ्या त्या लेकीच्या दुकानात जाऊन आले. लेक मी म्हणत नाही, तूच तिला माय म्हणू दिलंस. आधी ती तुला मावशी म्हणायची. भूकंपात तिचे आईबाप गेले, घर गेलं, आणि कुणीतरी लांबच्या नात्यातल्यानं तिला निलंग्याला आपल्या दारात आणून सोडलं. माझ्याच वयाची. तेव्हा मलाही लई वाईट वाटलं होतं, माझा चांगला ड्रेस मीच तिला काढून दिला होता. पुढं मी अकरावीला लातूरच्या क्लासला गेले, आणि एका रविवारी एसटीनं घरी येते तर आतून आवाज, "माय, कात्री कुठं ठेवलीस?" मी उंबऱ्यातच थांबले. आणि तू कपडे शिवता शिवता सांगतेस, "मशिनीवरच हाय की गं बाय." जसं काही झालंच नाही.

त्या दिवसापासून मी जळते. आता लपवून काय करू?

रविवारी घरी आले की मी पुस्तक उघडून बसायची आणि कान तुमच्याकडं. तू तिची बोटं धरून कापडावरून फिरवायचीस. हे मांजरपाट, एक धागा वर एक खाली, म्हणून सरळ फाटतं, गादीच्या खोळीला चांगलं. हे पँटीचं, यावर तिरप्या रेघा बघ, कितीबी उठबस करा, लवकर झिजत न्हाई. हे साटीन, याचे धागे वर मोकळे पडलेत, म्हणून चमकतं आणि म्हणूनच नखात अडकतं. अस्तर आधी भिजवून घ्यायचं, न्हाईतर पहिल्या धुण्याला आटतं आणि ब्लाऊजची वाट लागते. मी केमिस्ट्रीच्या पानावर बोट ठेवून हे सगळं पाठ करत होते. आणि मी नुसता गठ्ठ्याला हात लावला की तू ओरडायचीस, "ए बाई, तुझं ध्यान तिकडं ठेव. तुला डॉक्टर व्हायचंय, शिंपीण न्हाई."

एकदा तू बाजाराला गेलीस तेव्हा मी हट्टानं कात्री घेतली. शेजारच्या काकूंचा ब्लाऊज होता, गळ्याला पट्टी लावायची राहिली होती. मी कापडाच्या काठाला धरून सुरेख सरळ पट्टी कापली. लावली, तर गोल गळा सगळा चुण्या-चुण्या! तू आलीस, बघितलंस, आणि रागावलीसुद्धा नाहीस. हसलीस. "अगं, गळ्याला उरेब पट्टी लागते. कापड तिरपं धरून कापावं लागतं, मग ते वळतं." एवढं सांगून थांबली असतीस तर? पण तू कात्री माझ्या हातातून घेतलीस आणि तिच्या हातात दिलीस. "तू काप गं. हिचा हात पुस्तकाचा हाय." तिनं कापड कोनातून ओढून बघितलं, रबरासारखं ताणलं ते, आणि बघता बघता गळा बसला. माय, तू मारलं असतंस तर चाललं असतं.

डॉक्टर काही झाले नाही, ते तुला ठाऊकच आहे. नांदेडला क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. ती लातुरात क्लासच्या पोरींचे गणवेश शिवते, तिच्याकडं बायका कामाला आहेत. काल मी बोलता बोलता बोलूनच गेले, "तू आलीस आणि माझी माय वाटली गेली." ती मशीन थांबवून म्हणाली, "ताई, तुम्ही दप्तर घेऊन एसटीत बसायच्या ना, मी मागं दाराआड उभी राहून लई जळायची. माय मला म्हणायची, तू पोटाला काहीतरी शीक बाय, हिला शिकवायला मी हाय."

मला क्षणभर लई बरं वाटलं. मग संताप आला. अगं, निदान जळणं तरी माझं एकटीचं राहू द्यायचं! तिथंही ही वाटेकरी.

हे लिहिलेलं तुझ्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवावं असं मनात होतं. पण तू गेल्यापासून मशीनही तिच्याकडंच आहे, आणि ती उघडून वाचेल. म्हणून माझ्याजवळच राहू दे.

एक सांगायचं राहिलं. दर खेपेला मी ब्लाऊजचं कापड घेऊन जाते आणि म्हणते, मला ती उरेब पट्टी काही जमत नाही बाई. मग ती म्हणते, "आणा बोट इकडं," आणि माझं बोट धरून कापडावरून तिरपं ओढत नेते, अगदी तू तिचं न्यायचीस तसं. "बघा, कसं वळतंय."

माय, मला ती पट्टी केव्हाचीच येते. मी तिला सांगत नाही.